बाक

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापन करतो. एक जण समीक्षाशास्त्र शिकवतो, दुसरी भाषाविज्ञान. आणि घरातली हातोडी नेमकी कुठे ठेवली आहे हे दोघांनाही सांगता येत नाही. अशा घरात 2024 च्या उन्हाळ्यात एका बेस गिटारचा वाकलेला दांडा सरळ करण्याचा उद्योग झाला, त्याची ही हकीकत. प्रारंभीच सांगून टाकतो की दांडा पूर्ण सरळ झाला नाही. तो पूर्ण सरळ असणे अपेक्षितच नसते, हे आम्हाला त्या उद्योगाच्या तिसऱ्या आठवड्यात उमगले.

गिटार आमच्या धाकट्याची. धाकटा म्हणजे आमच्यापैकी एकाचा सख्खा भाऊ आणि दुसरीचा दीर. 2001 ते 2008 अशी सात वर्षे तो सांगली-कोल्हापूर पट्ट्यात फिरणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवीत असे. गणपती, नवरात्र, गावोगावच्या जत्रा, लग्नाचे स्वागतसमारंभ. रात्री दोनला टेम्पोतून परतायचे आणि सकाळी कॉलेजला दांडी मारायची, असा त्याचा क्रम होता. आम्ही त्याच्या कार्यक्रमांना गेलो ते मोजून तीनदा. तिन्ही वेळा परतताना त्याला सांगितले की गाणारी मुलगी छान होती. एकदा तर निवेदकाच्या शुद्धलेखनाविषयी (म्हणजे शुद्धबोलण्याविषयी) आम्ही घरी येईपर्यंत बोलत राहिलो. धाकट्याने काय वाजवले, याविषयी आम्ही काहीच बोललो नाही, कारण ते आम्हाला ऐकूच आले नव्हते.

2008 मध्ये त्याचे काम सुटले. भांडण नाही, वाद नाही. कीबोर्डवाल्याचा डावा हात मोकळा असतो, त्याने खालचे सूर धरले तर एक माणूस वाचतो, असा साधा हिशेब होता. पुढे त्या ऑर्केस्ट्रात तयार ट्रॅक आले आणि कीबोर्डवाल्यालाही तीच वाट दाखवण्यात आली. पण बेसवाला सर्वांत आधी गेला. 'मी नाही हे लोकांना चार महिने कळलंच नाही,' असे धाकटा हसत सांगे. आम्हीही हसत असू.

2010 साली तो चाकणला कारखान्यात नोकरीला लागला. राहायला एक खोली आणि तिच्यात तिघे. त्याच सुमारास आम्ही भाड्याचे घर सोडून आताच्या घरात आलो होतो, तेव्हा गिटार त्याने आमच्याकडे ठेवली. निघताना म्हणाला, 'दादा, तारा सैल करून ठेव हं. वहिनी, तुम्ही तरी लक्षात ठेवा.' आम्ही दोघांनीही हो म्हटले. गिटार माळ्यावर गेली. माळ्यावर पत्रा आहे.

आता या ठिकाणी थोडे आकड्यांत बोलणे आवश्यक आहे. बेस गिटारच्या चार तारा सुरात लावल्या की त्या सर्व मिळून दांड्याला सुमारे 75 ते 80 किलोंच्या ओढीने पुढे खेचत असतात. एका धडधाकट माणसाने दांड्याच्या टोकाला अहोरात्र लोंबकळत राहावे, तसे काहीसे. गिटार वाजत असो वा नसो, हे खेचणे चालूच असते. सांगलीचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली त्याहून अधिक तापते, मग पावसाळ्यात दमट हवा लाकडात शिरते. असे 14 उन्हाळे आणि 14 पावसाळे. आमच्या विस्मरणाला इतके वजन असेल याची कल्पना आम्हाला नव्हती.

एप्रिलमध्ये धाकट्याचा फोन आला. कारखान्यातली चार पोरे जमली आहेत, यंदा कंपनीच्या गणपतीत वाजवायचे म्हणतात, मेअखेरीस बेस न्यायला येतो. 'आहे ना रे अजून?' 'आहे की,' असे आम्ही म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर एकमेकांकडे पाहिले.

तारा सैल केल्या नव्हत्या, हे आम्हाला दोघांनाही त्याच क्षणी आठवले.

खाली काढून धूळ पुसली तेव्हा वरकरणी सारे ठीक दिसले. पण तारा दांड्यापासून इतक्या उंच गेल्या होत्या की बाराव्या पडद्यापाशी त्यांच्याखाली करंगळी जवळजवळ शिरत होती. मोजले तर 7 मिलिमीटर. 2 ते अडीच असावे लागते. तार दाबायला दोन बोटांचे बळ लागे आणि दाबली की सूर भलताच चढे. शेजारच्या आळीतले सुतारकाका फळी निवडताना एक डोळा मिटून ती कडेने पाहतात, तसा आम्ही दांडा डोळ्याला लावला. पहिल्यांदा काहीच कळले नाही. मग कळले, आणि ते दिसू लागल्यावर त्याखेरीज दुसरे काही दिसेना: दांड्याला होडीसारखा बाक आला होता.

मोठ्या शहरातल्या एका दुकानात छायाचित्रे पाठवून विचारणा केली. उत्तर एका ओळीचे होते: नेक गेली, नवीन घ्या. (वाजवणारे दांड्याला 'नेक' म्हणतात आणि ती स्त्रीलिंगी असते, 'दांडा' हा आमचा शब्द, तंबोऱ्याच्या 'दांडी'वरून सुचलेला.) नवीन घेणे परवडले असते, नाही असे नाही. पण धाकट्याने नव्या वस्तूबद्दल विचारले नव्हते. त्याला काय सांगायचे? की सात वर्षे तू जे वाजवलेस ते आम्ही ऐकले नाही आणि 14 वर्षे जे ठेवायला दिलेस ते आम्ही सांभाळले नाही? हे वाक्य आम्ही तेव्हा उच्चारले नाही. मनात मात्र ते दोघांच्याही होते, हे पुढे बोलताना कळले.

मग आम्ही जे करू जाणतो ते केले: वाचले. बेस गिटार हे वाद्य तसे अर्वाचीन आहे. त्याआधी खालच्या सुरांसाठी माणसाएवढे उंच, बिनपडद्यांचे डबल बेस असे. 1951 मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने गिटारसारखे आडवे धरून वाजवायचे, 34 इंच लांब तारांचे आणि पडदे बसवलेले विजेवरचे वाद्य बाजारात आणले. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव ठेवले 'प्रिसिजन'. आपल्याकडच्या चित्रपटसंगीतात ते रुळवण्यात मुंबईतल्या गोवेकर वादकांचा वाटा मोठा होता. राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवीत. ती गाणी आम्हाला तोंडपाठ आहेत आणि हे नाव आम्ही वयाच्या पंचेचाळिशीनंतर प्रथम वाचले.

वाचनातून कामाची गोष्ट हाती लागली ती अशी. दांड्याच्या पोटात, पडद्यांच्या पट्टीखाली, लांबीभर एक लोखंडी सळई असते. गिब्सन कंपनीतल्या थॅडिअस मॅकह्यू यांनी अशा घट्ट-सैल करता येणाऱ्या सळईचे पेटंट 1923 मध्ये मिळवले, आणि आज जवळपास प्रत्येक गिटारमध्ये ती असते. तारा दांड्याला पुढे ओढतात, सळई आवळली की ती त्याला मागे ओढते. बाहेरून जी स्वस्थ, गुळगुळीत लाकडी पट्टी दिसते, तिच्या आत अशी रस्सीखेच चालू असते.

इथे आमच्यापैकी समीक्षाशास्त्र शिकवणारा थोडा थबकला. अॅलन टेटचा 1938 मधला 'कवितेतील ताण' हा निबंध आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो, आणि दर वर्षी फळ्यापाशी उभे राहून वीणेच्या तारेचा दाखला देतो. वास्तविक टेटला तार अभिप्रेत नव्हतीच. तर्कशास्त्रातल्या 'एक्स्टेन्शन' आणि 'इन्टेन्शन' या दोन संज्ञांचे उपसर्ग काढून त्याने 'टेन्शन' ही संज्ञा बनवली. तार आमच्या पदरची. बरे, ती देताना वीणा कधी हातात घेतली होती काय? तेही नाही. ताण या शब्दाने आम्ही उत्तरपत्रिका तपासल्या, परिसंवाद पार पाडले. आणि खरोखरीचा ताण माळ्यावर मुक्कामाला असताना तो सैल करायचे विसरलो.

असो. सळईचे टोक दांड्याच्या शेंड्याशी, एका छोट्या प्लास्टिकच्या झाकणाखाली होते. झाकणाचे स्क्रू काढले तर आत पितळी नट. त्याला बसेल असा पाना घरात नव्हता. कोपऱ्यावरच्या दुचाकी दुरुस्तीवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आठ नंबरचा टी-पाना आणला. तो नटाला बसे पण खाचेत मावेना, तेव्हा ग्राइंडरवर त्याची जाडी घासून बारीक करून दिला. पैसे विचारले तर म्हणाले, 'वाजवून दाखवा, मग बघू.' टॅपेट सेट करताना वापरतात ते फिलर गेजही त्यांनीच दिले. पातळ पोलादी पात्यांचा तो जुडगा असतो, प्रत्येक पात्यावर जाडीचा आकडा कोरलेला. तार पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबायची. दाबलेली तार म्हणजे आपली सरळ रेषा. मग मधोमध, सातव्या-आठव्या पडद्याशी, तार आणि पडदा यांच्यात किती फट राहते ते पाते सरकवून मोजायचे. हवी असते साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाएवढी. आमच्याकडे पाते लागलेच नाही. रुपयाचे नाणे आरपार गेले.

नट आवळावा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, पाव फेऱ्याहून अधिक नाही, आणि प्रत्येक पाव फेऱ्यानंतर थांबावे, असे सर्वत्र लिहिलेले असते. आम्ही पहिला पाव फेरा दिला. काही झाले नाही. दुसरा दिला. पुढचा देताना आतून 'कट्' असा आवाज आला, आणि आम्ही दोघेही पाना सोडून मागे सरलो. ती रात्र वाईट गेली. सळई तुटली असती तर सारा खेळ संपला असता. ती काढायची म्हणजे पडद्यांची पट्टी उखडावी लागते. सकाळी मिस्त्रींना घरी बोलावले. त्यांनी नट दोन बोटांनी उलटा फिरवून काढला, आतल्या सळईवर नख फिरवले आणि म्हणाले, 'सर, सळी काय तुटली नाही. ह्याचा आटाच संपलाय. नट जागेवर जाऊन बसलाय, आता आवळून काय हुतंय? दोन वायसर टाका की.'

वायसर म्हणजे वॉशर. नटाखाली दोन छोटे वायसर घातले की नट आधीच अडतो आणि आवळायला आटे पुन्हा शिल्लक राहतात. एवढे सोपे. (आमच्यातल्या भाषाविज्ञानवालीने त्या दिवसापासून एक वही घातली. बाक, पीळ, आटा, वायसर, घोडी, पडदा, खुंटी. पारिभाषिक कोशांच्या प्रस्तावनांतून शब्दांचा जो दुष्काळ वाचायला मिळतो, तो कोपऱ्यावरच्या गॅरेजात कुणाला जाणवत नसावा. तिथे परका शब्द आला की दुपारपर्यंत त्याचे आटे पाडून तो बसवलेला असतो.)

परंतु मिस्त्रींनीच पुढे धोक्याची सूचना दिली. एवढा बाक नटाच्या जोरावर काढायला गेलात तर आता नाही तर मग सळई तुटेलच. लाकूड आधी बाहेरून वळवा आणि मग नटाने नुसते धरून ठेवा. पुढे आम्ही वाचले तेव्हा जाणकारांचे मतही हेच निघाले. वाकवण्याचे काम शिकंज्याचे, धरून ठेवण्याचे काम सळईचे.

म्हणून तारा काढल्या. दांडा चार स्क्रूंनी धडाला जोडलेला होता, तो सोडवला. फॅब्रिकेशनवाल्याकडून हातभर रुंद नव्हे, पण चार फूट लांब असा लोखंडी चौकोनी पाइप आणला. त्याची धार सरळ असते. पडद्यांची बाजू पाइपाकडे करून दांडा त्यावर उपडा ठेवला. दोन टोकांना, पाइप आणि दांडा यांच्यामध्ये, जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळलेले लाकडी ठोकळे दिले, आणि मधोमध शिकंजा लावून दांड्याचे पोट हळूहळू पाइपाकडे ओढले, इतके की बाक मोडून किंचित उलटा झाला. केस वाळवायच्या यंत्राने हाताला सोसेल इतकीच ऊब दिली आणि दाराला कडी घातली. दुसऱ्या दिवशी शिकंजा काढला. दांडा शांतपणे, अगदी पूर्ववत, होडी झाला.

लाकडाच्या स्मरणशक्तीबद्दल काव्यात्म लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा हे करून पाहावे. 14 वर्षांत जे शिकवले गेले ते एका रात्रीत विसरायला लाकूड तयार नव्हते, आणि त्याचे काही चुकत होते असे आम्हाला म्हणवेना. दुसऱ्या खेपेस आम्ही दांडा त्याच पत्र्याखालच्या माळ्यावर, शिकंज्यासह, पाच दिवस ठेवला. मे महिना होता. ज्या उन्हाने घात केला होता तेच आता कामाला लावले. रोज सकाळी आणि संध्याकाळी एक जण शिडीवर चढून दांड्याला हात लावून येई. यात शास्त्र काही नव्हते. आजाऱ्याच्या कपाळाला हात लावतात, तसे ते होते.

या पाच दिवसांत एक फेरी मिरजेला मारली. मिरज आम्हाला अर्ध्या तासावर. तिथल्या सतारी आणि तंबोरे कोणत्या कोटीचे, हे सांगायला नको (2024 मध्येच त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले). शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांचा हा व्यवसाय तिथे उभा केला. एका कारागिरांना आम्ही मोबाइलवर दांड्याचे छायाचित्र दाखवले. त्यांनी ते हातात घेऊन कलते केले, जणू छायाचित्रातला दांडाही कडेने पाहता येईल. 'हे आमचं काम नाही,' म्हणाले. पण चहा मागवला आणि दोन प्रश्न विचारले. पीळ आहे का? नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. बाक निघतो, पीळ निघत नाही, असे त्यांचे म्हणणे. दुसरा प्रश्न: तारा उतरवून ठेवल्या होत्या का? आम्ही नाही म्हणालो. ते काहीच बोलले नाहीत. आमच्या व्यवसायात इतके मोजके बोलणारे परीक्षक भेटत नाहीत.

त्यांच्यापुढे एका तंबोऱ्याची जवारी काढण्याचे काम चालू होते. घोडीचा माथा कानशीने इतका हलका उतरता करायचा की तार तिला एका बिंदूत न टेकता तिच्या अंगावरून लागत-सुटत जाईल. मग धागा सरकवून तो गुंजारव नेमका पकडायचा. आम्ही सांगितले की गिटारमध्ये तार पडद्याला अशी घासली की त्याला दोष समजतात आणि तो घालवण्यासाठीच सगळी धडपड. कारागीर हसले. 'म्हणजे आम्ही दिवसभर बसून जे काढतो, ते तुम्हाला नको असतं.' गुण आणि दोष संकेतांवर ठरतात, हे विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी आम्ही आजवर केवढी ग्रंथांची नावे घेतली होती!

सहाव्या दिवशी शिकंजा तसाच ठेवून वायसर घातले, नट आवळला, मग शिकंजा सोडला. दांडा परत फिरला, पण थोडासाच. धडाला जोडून नवीन तारा चढवल्या. फट 0.6. रात्रभर थांबलो. सकाळी 0.7. पाव फेरा. दुसऱ्या दिवशी 0.5. पुन्हा अर्ध्याहून कमी पाव फेरा. तिसऱ्या सकाळी 0.35 चे पाते कागदात कागद सरकावा तसे सरकले आणि वरचे अडले.

आणि इथे तो मुद्दा, ज्याचा उल्लेख आरंभी केला. आम्हाला वाटत होते की आणखी एक पाव फेरा दिला की फट शून्य होईल, दांडा बाणासारखा सरळ होईल आणि आपले काम निर्दोष ठरेल. तसे करून पाहिले. चारही तारा पडद्यांवर खडखडू लागल्या. कारण साधे आहे. छेडलेली तार जागच्या जागी थरथरत नाही. ती दोन्ही टोकांशी बांधलेली असते आणि मधोमध सर्वांत रुंद झोका घेते, आणि खर्जाची तार जाड, तिचा झोकाही मोठा. त्या झोक्याला जागा मिळावी म्हणून दांड्याला मुद्दाम किंचित बाक ठेवावा लागतो. म्हणजे तारांची ओढ पूर्ण जिंकली तर वाद्य जाते आणि सळईची ओढ पूर्ण जिंकली तरी वाद्य जाते. मर्ढेकरांच्या लयविचारात संवाद आणि विरोध यांच्या पुढे समतोल येतो, आणि समतोल म्हणजे मधोमध असे आम्ही नकळत समजत आलो होतो. इथे समतोल मधोमध नव्हताच. तो तारांच्या बाजूला, एका व्हिजिटिंग कार्डाएवढा, झुकलेला होता. नट उलटा फिरवून आम्ही तो बाक परत दिला.

उरलेले काम किरकोळ नव्हे, पण सांगण्यासारखेही फार नाही. घोडीवरचे छोटे स्क्रू फिरवून प्रत्येक तारेची उंची कमी केली. मग तारांची लांबी जुळवली. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असावा लागतो. तिथे बोट न दाबता नुसते टेकवून छेडले की एक पातळ, उंच सूर निघतो, आणि दाबून छेडले की भरीव सूर निघतो. दोन्ही एकच असायला हवेत. दाबलेला सूर चढा असला तर घोडीवरचा टेकू मागे घ्यायचा, उतरता असला तर पुढे. हे मोबाइलवरच्या यंत्रावर पाहता येते. तरी पहिल्या संध्याकाळी यंत्र बाजूला ठेवून आम्ही दोघांनी आळीपाळीने डोळे मिटून ऐकले. सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला 41 कंपनांचा असतो. तो कानांपेक्षा आधी बरगड्यांना कळतो. चौकटीला पोट टेकवून गिटार धरली होती म्हणूनच बहुधा, पण तो सूर पहिल्यांदा कळला तेव्हा आमच्यापैकी एकीने गिटार खाली ठेवली आणि ती काही वेळ स्वयंपाकघरात जाऊन आली.

त्या रात्री आम्ही जुनी गाणी लावली. शब्द नको, गायक नको, फक्त खालचे ऐकायचे, असे ठरवून. पहिली दोन गाणी सवयीने हातची गेली. तिसऱ्यात ते सापडले. आवाजाच्या खाली कुणीतरी सबंध गाणे चालवत नेत होते, अडखळू न देता, आणि एका अंतऱ्याच्या तोंडाशी त्याने क्षणभर हात थांबवला तर सगळे गाणे जमीन सुटल्यासारखे झाले. ही गाणी आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. धाकट्याने सात वर्षे हेच केले, आमच्या गावापासून दहा-वीस मैलांच्या परिघात, आणि आम्ही गाणारीचे कौतुक करून घरी आलो.

मिस्त्रींना पाना परत करायला गेलो तेव्हा गिटारही नेली. वाजवता कुठे येते! चार मोकळ्या तारा एकामागून एक छेडून दाखवल्या. ते म्हणाले, 'आवाज कुठंय?' कारण त्यांच्याकडे ना अॅम्प्लिफायर होता ना आमच्याकडे. मग त्यांनी गिटारचे धड पत्र्याच्या टेबलाला टेकवले आणि पुन्हा छेडायला सांगितले. टेबलावरचे नट-बोल्ट थरथरू लागले. पैसे त्यांनी घेतलेच नाहीत.

धाकटा मेच्या शेवटच्या रविवारी आला. जेवणे झाली, आंबे झाले, मग आम्ही गिटार आणून त्याच्या हातात दिली. काही सांगायचे नाही असे आमचे ठरले होते, निदान आधी नाही. त्याने ती मांडीवर घेतली नाही. उभा राहिला, धड खांद्याशी टेकवले आणि एक डोळा मिटून दांडा कडेने पाहिला. बराच वेळ पाहिला. मग शेंड्याशी बोट फिरवले, झाकणाचे दोन स्क्रू नवे आहेत हे त्याच्या ध्यानात आले, आणि तो म्हणाला, 'तारा सैल केल्या नव्हत्या ना?'

'नाही,' आम्ही म्हणालो. आणि मग, न ठरवता, उरलेलेही सांगितले. ते तीन कार्यक्रम, गाणारी मुलगी, ऐकू न आलेले सारे. तो खाली पाहत तारा जुळवत राहिला. मग म्हणाला, 'दादा, बेस ऐकू येत नाही तेव्हाच तो बरोबर असतो.' ही त्याने आमची समजूत घातली की खरेच तसे असते, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. नंतर त्याने अर्धा तास वाजवले, अॅम्प्लिफायरशिवाय, आणि आम्ही दोघे त्याच्या इतक्या जवळ बसलो होतो की तारेवरून सरकणाऱ्या बोटांची घसटही ऐकू येत होती.

जुलैत त्याचा फोन आला. चाकणला पाऊस धरला होता. 'वहिनी, बाक थोडा वाढलाय वाटतं. कार्ड सैल जातंय. पाव फेरा कुठल्या बाजूला द्यायचा?'

घड्याळाच्या दिशेने, असे आम्ही सांगितले. पावच दे. आणि रात्रभर थांब, सकाळी मोज.